चिंचोली बुद्रुक : चिंचांची ओळ नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या गावाचे नाव ‘चिंचोली बुद्रुक’ असून ओढ्यापलीकडच्या गावाला ‘चिंचोली खुर्द’ म्हणतात. तर या ‘बुद्रुक’चा संबंध गौतम बुद्धांशी आहे असे जे गावात सांगितले जाते, ते खरे मानावे काय? मानू नये. ‘बुद्रुक’ हे ‘बुजुर्ग’ या फारसी शब्दाचे मराठी तोंडात घडलेले रूप असून त्याचा अर्थ थोर, वडील असा आहे. ‘खुर्द’ हाही फारसीच. त्याचा अर्थ लहान, आणि सुट्या नाण्यांना आपण ज्याला ‘खुर्दा’ म्हणतो तो त्याचाच भाऊबंद. एका नावाची दोन गावे झाली की दप्तरात ती वेगळी ओळखता यावीत म्हणून मोठ्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणत. पुढे खुर्द वाढून बुद्रुकापेक्षा मोठे झाले, तरी दप्तर आपला शब्द मागे घेत नाही. विदर्भातील काही गावांच्या नावांत ‘बुजरुक’ हे मधले रूप अजून टिकून आहे, त्यामुळे शंकेला जागाच उरत नाही.

या शब्दाविषयी खरी चिंता करायची असेल तर ती बुद्धांवरून नव्हे, ‘बी.के.’वरून करावी. पुण्याच्या आसपास आंबेगाव बुद्रुक, वडगाव बुद्रुक, कोंढवा बुद्रुक अशी गावे होती, ती आता शहरात आली, आणि तेथे राहणारी शिकलेली मराठी माणसेदेखील ‘आंबेगाव बीके’ असा पत्ता बिनदिक्कत सांगतात. कोणा कारकुनाने इंग्रजी कागदावर जागा वाचवण्यासाठी लिहिलेली दोन अक्षरे म्हणजेच गावाचे नाव, अशी त्यांची समजूत झालेली दिसते. ‘खुर्द’चे याच रीतीने ‘के.एच.’ झाले आहे. देवनागरीत ‘बु.’ आणि ‘खु.’ हे संक्षेप पूर्वीपासून आहेत. तेवढे लिहिले आणि वाचताना पूर्ण शब्द उच्चारला, तर कोणाचेही काही बिघडणार नाही.

परंतु बुद्रुक हा या नावातला पाहुणा शब्द झाला. यजमान आहे ‘चिंचोली’, आणि त्याविषयी वाचकाने काहीच विचारलेले नाही, याचे मला नवल वाटते. बहुधा ‘चिंचोली म्हणजे चिंचांची ओळ’ हे उत्तर त्यांनी गृहीत धरले असावे. चिंचोली म्हणजे चिंच अधिक आवली, आंबोली म्हणजे आंबा अधिक आवली, असे समीकरण गावोगावच्या स्मरणिकांत छापलेले असते आणि स्वतःला व्युत्पत्तीचे जाणकार म्हणवणारे लोकही ते उचलून धरतात. ते चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे, हे मराठीच्या एका अत्यंत सुंदर ध्वनिनियमावरून कळते.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो, आणि प्राकृतात जोडाक्षर झालेला ‘ल्ल’ मराठीत ‘ल’ म्हणून उरतो. ‘फल’चे फळ झाले, पण ‘फुल्ल’चे फूल झाले. ‘मूल’चे मूळ झाले, पण ‘मूल्य’चे, प्राकृतातल्या ‘मोल्ल’मधून, मोल झाले. समय या अर्थाचा ‘काल’ आपल्याकडे काळ म्हणून आला, आणि ‘कल्य’पासून आलेला आपला ‘काल’ हा गेल्या दिवसाचा वाचक राहिला. तेल आणि बेल यांच्यात ळ का नाही, याचेही उत्तर हेच आहे. त्यांच्या मागे ‘तेल्ल’ आणि ‘बिल्ल’ उभे आहेत. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने 1920 साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात ही व्यवस्था मांडली, त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी स्मरणिकाकारांपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.

आता ‘आवली’ या शब्दाला हा नियम लावून पाहावा. दीपावलीची दिवाळी झाली, दिवाली झाली नाही. इतकेच नव्हे, तर ज्या ‘ओळ’ शब्दाने आपण आवलीचा अर्थ सांगतो तो शब्दच आवलीपासून आलेला आहे आणि त्यात ळ स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे चिंचांच्या ओळीवरून गावाला नाव पडले असते तर ते ‘चिंचोळी’ झाले असते. चिंचोलीतला ल सांगतो की त्याच्या मागे ल्ल होता. आणि असा ल्ल असलेला, गावांच्या नावांच्या शेवटी येण्यात मुरलेला शब्द एकच आहे, तो म्हणजे ‘पल्ली’. पल्ली म्हणजे लहान वस्ती, पाडा. जुन्या ताम्रपटांत गावांच्या नावांअखेर ‘पल्लिका’ हे त्याचेच रूप आढळते. समासात त्याचा प दोन स्वरांच्या मध्ये सापडला की त्याचा व होतो, जसा कपाटाच्या कवाडात, दीपाच्या दिव्यात आणि तापाच्या तावात झाला. चिंचापल्लीची चिंचवली झाली, आणि ‘अव’चा ‘ओ’ होण्याची जी खोड मराठीला आहे, जिने लवणाचे लोण आणि नवनीताचे लोणी केले, तिने चिंचवलीची चिंचोली केली. बोरिवलीची कथाही हीच: बदरी म्हणजे बोरी, आणि बदरीपल्ली म्हणजे बोरींच्या झाडांतला पाडा. कणकवली, आंबिवली, वडवली, पिंपळोली यांच्या शेवटी हीच पल्ली बसलेली आहे. तिला ‘वाली’ करून ‘बोरीवाली’, ‘डोंबिवाली’ असे बोलणाऱ्यांना, आणि त्यांच्यामागून तसेच बोलू लागलेल्या मराठी माणसांना, काय म्हणावे हे मला सुचत नाही.

या विषयात मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट आता सांगतो. पल्ली हा शब्द संस्कृत कोशांत असला तरी भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ द्राविडी मानतात. तिरुचिरापल्लीतली पल्ली, हैदराबादच्या कुकटपल्लीतली पल्ली आणि बंगळुरूच्या मारतहळ्ळीतली हळ्ळी हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, कारण जुन्या कन्नडातल्या प चा पुढे ह झाला. गंमत एवढ्यावर थांबत नाही. संस्कृत ‘चिंचा’ हा शब्दही द्राविडीतून आलेला मानतात. तेलुगूत चिंचेला ‘चिंत’ म्हणतात. आंध्रच्या डोंगराळ मुलखात चिंतपल्ली नावाचे गाव आहे, तेच ज्याच्या पोलीस ठाण्यावर इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या अल्लुरी सीतारामराजू यांनी 1922 च्या ऑगस्टमध्ये छापा घातला होता. तेथून वायव्येकडे चंद्रपूर जिल्ह्यात यावे तर चिचपल्ली लागते. प अजून शाबूत आहे, पण ‘चिंत’च्या जागी वऱ्हाडी-झाडी बोलीतली चिच आली आहे. आणखी पश्चिमेला देशावर आले की चिंचोल्याच चिंचोल्या, आणि घाट उतरून कोकणात गेले की चिंचवली. चारही ठिकाणी नाव एकच: चिंचेखालची वस्ती. गडचिरोली जिल्ह्यात तर जिल्ह्याच्या नावात ‘ओली’ आहे आणि त्याच जिल्ह्यातल्या आल्लापल्लीत मूळची ‘पल्ली’ आहे. एकाच शब्दाची आरंभीची आणि शेवटची अवस्था एका जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत नांदते आहे.

माझे स्वतःचे मत असे आहे की घाटावर ‘ओली’ आणि घाटाखाली ‘वली’ ही वाटणी योगायोगाची नाही. देशावरच्या बोलीने ‘अव’चा ‘ओ’ करण्याची घाई केली आणि कोकणाने जुना व जपून ठेवला. या मतावर आक्षेप घेणारे मला मालाडचे चिंचोली बंदर दाखवतात, जे बोरिवलीपासून अवघी दोन स्थानके दक्षिणेला आहे, आणि अंधेरीची आंबोलीही दाखवतात. ती उदाहरणे मला ठाऊक आहेत. मुंबई हे बंदर आहे, तेथे घाटावरची माणसे आणि घाटावरचे उच्चार शतकानुशतके उतरत आले, एवढेच त्यावर माझे म्हणणे आहे. कोणाला हे पुरेसे वाटत नसेल तर त्यांनी चिंचवली नावाच्या गावांची नकाशावर मोजदाद करावी आणि त्यांतली किती घाटावर सापडतात ते मग मला सांगावे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावांची नावे हे इतिहासाचे साधन आहे हे महाराष्ट्राला शिकवले, त्याबद्दल आपण सर्व त्यांचे ऋणी आहोत. परंतु प्रत्येक नावाखाली संस्कृत मूळ सापडलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट त्यांच्या अनुयायांनी अभ्यासाशिवाय उचलला, आणि त्यातून ‘आवली’सारखे सोपे, गोंडस खुलासे रुजले. दुसऱ्या टोकाला नुसत्या ध्वनिसाम्यावर भागवणारे आहेत. सहा गल्ल्यांची सांगली झाली असे ते सांगतात, पण सहातला ह कोठे गेला आणि अनुस्वार कोठून आला हे त्यांना विचारायचे नसते. नावाच्या शेवटी ‘वली’ दिसली की पल्लीच असणार, असेही कोणी माझ्या नावावर खपवू नये. हैदराबादच्या गच्चीबावलीत बावली आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिचा पल्लीशी काडीचाही संबंध नाही.

राहता राहिली खरोखरच ‘चिंचोळी’ म्हटली जाणारी गावे, कारण तीही आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीत ळ आहे, परंतु कन्नडातल्या हळ्ळीतही ळ्ळ आहे, तेव्हा तेथेसुद्धा चिंचांची ओळ शोधायची गरज नाही; तेथली पल्लीच मुळात ‘पळ्ळी’ होती. कन्नड सीमेपासून दूर असलेल्या एखाद्या चिंचोळीबाबत मात्र आवलीवाल्यांना मी एक वेळ जागा देईन. अडचण अशी की इंग्रजी लिपीला ल आणि ळ यांतला फरक लिहिता येत नाही, आणि इंग्रजी यादीवरून देवनागरी पाट्या रंगवणाऱ्यांनी कित्येक ळ पुसून तेथे ल लिहिला आहे. म्हणून प्रश्नकर्त्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर विसंबू नये. इंग्रजी पाट्यांच्या आधी शेतीभातीत वाढलेल्या गावच्या वृद्ध स्त्रियांना गावाचे नाव उच्चारायला सांगावे, ल ऐकू येतो की ळ ते नीट ऐकावे आणि मला कळवावे. ओढ्यापलीकडच्या खुर्दातही हीच चौकशी करावी, कारण एकाच नावाच्या दोन गावांनी दोन वेगळे उच्चार धरलेले मी ऐकले आहेत.