झाड, पट्टा आणि तीस अंश : हॅमॉकबद्दल वाचकांचे प्रश्न

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडी झोळीत, रात्र काढायची आहे, पण सुरुवात कुठून करावी, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. टांगणीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात होता, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

हॅमॉक दोन झाडांना अगदी ताणून बांधला. तरी आत शिरलं की कंबर जमिनीला टेकते आणि सकाळी पाठ धरलेली असते. काय चुकतंय? (जांबोटी)

ताणून बांधणं हेच चुकतंय. बाळाची झोळी आठवा. ती सैल असते म्हणूनच अंग सामावून घेते. हॅमॉकचंही तसंच आहे. माणूस आत नसताना त्याचा आकार हसऱ्या ओठांसारखा खाली झुकलेला दिसला पाहिजे.

झाडापासून हॅमॉकच्या टोकापर्यंतचा पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून खाली यावा. कोनमापकाची गरज नाही. तर्जनी हॅमॉकच्या दिशेने आडवी धरा आणि अंगठा सरळ वर उभा करा. या दोन्हींची टोकं जोडणारी तिरपी रेषा आणि पट्टा समांतर दिसले की झालं.

यामागे साधं गणित आहे. ८० किलोचा माणूस झोपला आणि कोन ३० अंशांचा असला, तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर सुमारे ८० किलोचा ताण येतो. कोन १५ अंशांवर आणला की तोच ताण १५५ किलो होतो, आणि १० अंशांवर २३० किलो. म्हणजे जितकं ताणाल तितकी गाठ आवळते, दोरी लांबते आणि शेवटी कंबर जमिनीला लागते.

मापं अशी घ्या. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला ११ फुटी हॅमॉक बरा. बाजारात स्वस्तात मिळणारे नऊ फुटी हॅमॉक दुपारी पडायला ठीक, रात्रभर झोपायला तोकडे. हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी एक बारीक दोरी वरून बांधा. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवा, म्हणजे ११ फुटी हॅमॉकला सुमारे ९ फूट १ इंच. ही दोरी बांधली की झाडं जवळ असोत वा लांब, झोल रोज सारखाच राहतो. आत झोपल्यावर ती चिमटीत धरून थोडी वाकवता आली पाहिजे. तारेसारखी कडक लागली तर पट्टे सैल करा.

झाडांमधलं अंतर १४ फूट असेल तर पट्टा जमिनीपासून सव्वापाच फुटांवर बांधा. अंतर फुटाने वाढलं की दोन्ही बाजूंची उंची साडेतीन इंचांनी वाढवा. आत बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट, खुर्चीइतक्या उंचीवर हवं. त्याहून उंच टांगायची हौस नको. काही तुटलंच, तर दीड फुटावरून पडणं आणि चार फुटांवरून पडणं यात फार फरक आहे.

आणि आत सरळ झोपू नका. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला हातभर, पाय दुसऱ्या बाजूला हातभर, असं तिरपं झोपलं की कापड सपाट होतं. पाठ धरण्यावर यापेक्षा चांगला उपाय नाही, पण झोल पुरेसा असेल तरच तो लागू पडतो.

दुकानात पट्टे, बकल, व्हूपी स्लिंग असं बरंच काही दाखवतात. घरी गुरांचा कासरा आणि विहिरीची नायलॉनची दोरी आहे. तीच वापरली तर? (नंदगड)

झाडाभोवती दोरी नको, मग ती कितीही मजबूत असो. बारीक दोरी सालीत रुतते. सालीच्या आतल्याच थरातून झाडाचं अन्न खाली मुळांकडे जातं, आणि तो थर गोलाकार चिरडला गेला की झाड खंगतं. झाडाला किमान एक इंच रुंद पट्टा हवा. साल मऊ असेल तर दोन इंची. नायलॉन टाळण्याचं कारण वेगळं आहे. ते ताणाखाली लांबतं आणि भिजलं की आणखी लांबतं, त्यामुळे रात्री दीड फुटावर असलेलं बूड पहाटे गवताला लागतं. पट्टा पॉलिएस्टरचाच घ्या. ट्रकवर माल आवळायचे रॅचेट पट्टे बहुधा पॉलिएस्टरचे असतात आणि वाहतुकीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. रॅचेटचा लोखंडी भाग मात्र काढून ठेवा. त्याने नकळत जास्त ताण दिला जातो.

आता टांगणीचे प्रकार. नवख्याने कडीकडीचा पट्टा घ्यावा, म्हणजे ज्याला ठरावीक अंतरावर फासे शिवलेले असतात तो. झाडाला वेढा देऊन टोक पहिल्या फाशातून ओवायचं आणि हॅमॉकचं कॅराबिनर (उघडबंद होणारी धातूची कडी) हव्या त्या फाशात अडकवायचं. गाठ मारायची नाही, अंधारातही चुकत नाही. उणीव एवढीच की दोन फाशांमध्ये चार-पाच इंचांची उडी असते आणि ओझं थोडं जास्त होतं.

बकलचा पट्टा हवा तिथे इंचभरही सरकवता येतो. पण पट्टा पातळ किंवा गुळगुळीत असेल तर बकल हळूहळू घसरतं, आणि घसरतं ते माणूस झोपेत असताना. म्हणून बकलच्या लगेच मागे एक सुरगाठ मारायचीच. निरगाठ नको, ती सकाळी सुटत नाही.

आमच्या मते बेतात बसणारी आणि बरीच वर्षं टिकणारी जोडणी म्हणजे साधा पट्टा आणि हॅमॉकच्या टोकाला दोरीचा बंद फासा. बांधायची रीत अशी. पट्ट्याचं मोकळं टोक फाशातून खालून वर आणा. मग फाशाच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवून पुढे घ्या. आता ते टोक स्वतःच्याच पट्ट्याखालून न्या, फाशातून नाही. इथे टोक सरळ न ओढता दुमडून घाला, म्हणजे एका हिसक्यात सुटेल. झाडाकडची बाजू ओढून गाठ बसवा. पट्टा सपाट राहिला पाहिजे. त्यात पीळ पडला तर गाठ सरकते. गुळगुळीत पट्ट्यावर पुढे आणखी एक सुरगाठ टाका.

व्हूपी स्लिंग म्हणजे डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या पोकळ विणीच्या दोरीतून तीच दोरी आत ओवून केलेला, लहान-मोठा होणारा फासा. वजन नगण्य. पावणेतीन मिलिमीटर जाडीची चांगली डायनीमा दोरी सातशे किलोच्या आसपास तुटते, त्यामुळे ताकदीची चिंता नको. चिंता आहे ती दोन गोष्टींची. एक, ताण नसताना आतली ओवणी ढिली पडते. आत बसण्याआधी विणीवरून चिमूट फिरवून ती दाबून घ्या. दोन, ही दोरी अतिशय निसरडी असते. तिला साधी गाठ मारली तर गाठ सरकते आणि दोरीची ताकदही निम्म्यापर्यंत घटते. शिवाय ती १५० अंश सेल्सियसच्या आतच वितळते, त्यामुळे शेकोटीच्या ठिणगीपासून लांब ठेवा. झाडं फार जवळ असली तर स्लिंग आणखी आखूड होत नाही, हेही लक्षात असू द्या.

स्लिंग पट्ट्याला जोडायला बोटाएवढ्या जाड खुंटीवर पट्ट्याचा फासा बसवतात. इथे बहुतेक जण एक चूक करतात. स्लिंगचा फासा खुंटीवर टांगतात. तो खुंटीमागे, पट्ट्याच्या गाठीवर बसला पाहिजे. खुंटीने फक्त गाठ उघडू द्यायची नाही, वजन पेलायचं नाही. वजन खुंटीवर आलं की ती मोडते किंवा निसटते.

पट्टा किती लांब घ्यावा? आमच्या मळ्यात जुने आंबे आहेत, काजू, सिल्व्हर ओक आणि बांधावर नीलगिरी. (खानापूर)

झाडाचा घेर, अधिक हॅमॉकपर्यंतचे तीन फूट, अधिक गाठीसाठी दीड फूट. चार फूट घेराच्या झाडाला साडेआठ फूट पुरतात, आठ फूट घेराच्या आंब्याला साडेबारा. आपल्याकडच्या जुन्या आंब्यांचा विचार केला तर १२ ते १५ फुटी पट्ट्यांची जोडी घेतलेली बरी.

आंबा, फणस, जांभूळ उत्तम. सिल्व्हर ओकचं खोड मनगटापेक्षा फार जाड नसेल तर सोडून द्या. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास किमान सहा इंच हवा. काजूचं खोड चालेल, फांदी नाही. शेवगा आणि पांगारा तर मुळीच नको, लाकूड ठिसूळ. नीलगिरीच्या वाळल्या फांद्या वारा नसतानाही खाली येतात. कुठल्याही झाडाखाली टांगण्याआधी मान वर करून पाहा, बुंध्यावर मूठ मारून पोकळ आवाज येतो का ते ऐका, आणि आंब्या-काजूवर पानं शिवून केलेलं तांबड्या मुंग्यांचं घरटं आहे का ते शोधा. त्या पट्ट्यावरून सरळ हॅमॉकमध्ये उतरतात.

गच्चीवर विटांचा खांब आणि पाण्याच्या टाकीचा कठडा यांच्यामध्ये टांगला तर चालेल का? (शहापूर, बेळगाव)

नाही. हॅमॉक वजन नुसतं खाली टाकत नाही, आडवंही ओढतो. ३० अंशांच्या कोनात ८० किलोचा माणूस प्रत्येक खांबाला आत जवळजवळ ७० किलोने ओढतो, १५ अंशांत दीडशे किलोने. विटांचं बांधकाम वरून येणारा भार पेलतं, बाजूची ओढ नाही. असे खांब अंगावर कोसळून माणसं मेली आहेत. आरसीसी कॉलम किंवा तुळई असेल तर बांधकाम करणाऱ्याला विचारून हूक बसवा. झोपाळ्याची जुनी कडी सरळ खाली येणाऱ्या भारासाठी बसवलेली असते. ती तिरप्या ओढीसाठी गृहीत धरू नका.

पावसात ताडपत्री असूनही हॅमॉक ओला होतो. आणि डिसेंबरमध्ये दोन पांघरुणं घेऊनही पाठ गार पडते. (कणकुंबी)

पाणी वरून येत नाही, पट्ट्यावरून येतं. झाडाच्या खोडावरून ओघळ उतरतो, पट्ट्याला लागतो आणि उतारावरून थेट तुमच्या डोक्याशी पोचतो. ताडपत्रीच्या आत, हॅमॉकच्या टोकाआधी, पट्ट्यावर वीतभर सुती नाडा बांधून लोंबता सोडा. पाणी नाड्यावरून खाली ठिबकतं. नायलॉनचा नाडा पाणी तितकं ओढून घेत नाही. ताडपत्री वेगळ्या दोरीवर टांगा, हॅमॉकची दोन टोकं जोडणाऱ्या वरच्या दोरीपेक्षा प्रत्येक बाजूला फूटभर लांब, म्हणजे किमान ११ फुटांची. कणकुंबीच्या पावसाला ती रुंदीनेही दहा फूट असावी आणि कडा जमिनीजवळ ओढलेल्या असाव्यात. वळवाचा पाऊस मात्र वेगळा. एप्रिल-मे मध्ये गडगडायला लागलं की झाडाखालून निघा, घरात किंवा बंद गाडीत जा. विजेवर कुठलीही टांगणी उपाय नाही.

पाठ गार पडते ती खालून. पाठीखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही, मग ऊब कशी राहणार? फोमची चटई घ्या. दोन थरांचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मधे तिरपी सरकवा, म्हणजे हलत नाही. खांदे उघडे राहतात, तिथे आडवा तुकडा ठेवा. धनगरी घोंगडी घरात असेल तर ती चटईवर अंथरा. लोकर दबली तरी थोडी ऊब धरते. फक्त ती पाऊण कोरडी नको, पूर्ण कोरडी हवी.

भीमगडच्या जंगलात एक रात्र टांगायची इच्छा आहे. (निपाणी)

भीमगड हे वन्यजीव अभयारण्य आहे आणि तिथे परवानगीशिवाय जाणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. भोवतालच्या राखीव जंगलालाही वनखात्याची परवानगी लागते. गवे आणि अस्वलांच्या वाटेवर माणूस लटकलेला असणं त्यांच्याही हिताचं नाही. पहिल्या चार-पाच रात्री ओळखीच्या मळ्यात काढा, मालकाला विचारून आणि घरापासून हाकेच्या अंतरावर. आत बसण्याआधी दोन्ही हातांनी हॅमॉकच्या मध्यावर अंगाचा भार टाकून बघा, मग बसा, मग पाय वर घ्या. दहा मिनिटांनी उतरून दोन्ही गाठी पुन्हा पाहा. पट्टा झाडावर खाली सरकला असेल तर तो याच दहा मिनिटांत सरकलेला दिसतो.