कंपवाताची (पार्किन्सनची) शंका असताना वास ओळखायची चाचणी कशाला? गावात घरी करता येते का?

तुम्ही लिहिलंय की बाबा 64 वर्षांचे आहेत, उजवा हात थरथरतो, फोडणी करपली तरी त्यांना कळत नाही आणि अलीकडे ते गुमसुम असतात. तेवढं धरून सांगतो.

कंपवाताच्या बहुतेक रुग्णांची वास घ्यायची क्षमता मंदावते, पुष्कळदा थरथर दिसायच्या काही वर्षं आधीच, आणि त्यांना स्वतःला ते जाणवतही नाही. घराण्यात चालत आलेल्या साध्या थरथरीत वास सहसा शाबूत असतो. अल्झायमरमध्ये वासाची ओळख बिघडते, नुसत्या डिप्रेशनमध्ये फारशी नाही, म्हणून गुमसुमपणाचा उलगडा व्हायलाही थोडी मदत होते. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातही वासाच्या चाचणीत गुण कमी येतात. पण जुनी सर्दी, नाकात वाढलेलं मांस, कोविड, डोक्याला मार आणि उतारवय यांनीही वास जातो. त्यामुळे आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची 1984ची चाचणी 40 वासांची आहे. कागदावरची पट्टी खरडायची, हुंगायचं आणि चारांपैकी एक नाव निवडायचंच. नुसत्या अंदाजानेही 10 बरोबर येतात. अडचण अशी की त्यात रूट बीअर, चेडार चीज, पाइनसुद्धा आहेत. जन्मात न हुंगलेला वास चुकला तर दोष नाकाचा नाही.

घरी करायचं तर आठ सारख्या, अपारदर्शक डब्या घ्या. संत्र्याची ताजी साल, सांबार (कोथिंबीर), भाजलेली फल्ली (शेंगदाणे), विलायची, चहापत्ती, खोबरेल, लसूण, हिंग. वर कापूस ठेवा, वस्तू दिसू नये. डब्या भरताना लसूण-हिंगाला शेवटी हात लावा, नाहीतर साऱ्या डब्यांना तोच वास लागतो. बाम, कापूर, कापलेला कांदा, तंबाखू नको: ते नाकात झोंबतात, आणि झोंबणं वेगळ्या नसेतून कळतं, म्हणून वास गेलेला माणूसही ते ओळखतो.

आधी 15 मिनिटं पाण्याशिवाय काही नको, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तर नाहीच. सर्दी असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. डोळे मिटवून डबी नाकापासून दोन सेंटिमीटरवर तीन-चार सेकंद धरा. लगेच झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, मग पुढची. हिंग सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी चार नावं मोठ्याने वाचा, बाबांच्या तोंडातलीच: कोथिंबीर नव्हे सांबार, शेंगदाणे नव्हे फल्ली. संत्रं आणि लिंबू एकाच प्रश्नात ठेवू नका. "माहीत नाही" चालणार नाही, एक निवडायलाच लावा. बरोबर की चूक, हे मध्येच सांगू नका.

आठांत दोन बरोबर येणं म्हणजे निव्वळ अंदाज. शेवटी जो आकडा येईल तो तारीख घालून कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. वयानुसार ठरलेली मोजपट्टी या घरगुती डब्यांना नाही, आजाराचं निदान त्यावरून होत नाही. छापील संच हवा असेल तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला फोन करून तो आहे का ते विचारूनच निघा.

चाचणी होवो न होवो, एक आजपासून करा. सिलेंडरची गळती, शिळं अन्न आणि फवारणीच्या औषधाचा गळका डबा बाबांच्या नाकावर सोडू नका. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.