प्राचीन इस्राएलात वेदीला एवढं महत्त्व का होतं? आणि एकच वेदी असावी असा देवाचा हुकूम होता, तर उत्खननात ठिकठिकाणी वेद्या कशा सापडतात?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून आमच्या घरात वाजलेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. एकच वेदी हा नियम मुळात नव्हताच. तो पुढे आला, राजधानीतून आला, आणि बाकीच्यांच्या वेद्या फोडून आला.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. जन्म ठाण्याचा, नोकरी आणि संसार इस्राएलात बेर शेवाला. पुरातत्त्वाशी पोटापाण्याचा काही संबंध नाही, पण ज्या गावात इसहाकाने वेदी बांधली असं तोराहच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात लिहिलंय, त्या गावात राहून हा विषय टाळता येत नाही.

पहिल्या भागाचं उत्तर खरं तर निर्गमच्या २०व्या अध्यायात आहे. दहा आज्ञा सगळ्यांना पाठ असतात, त्यानंतरच्या चार ओळी कुणी वाचत नाही. तिथे देव सांगतो की माझ्यासाठी मातीची वेदी कर. दगडाची केलीस तर दगड घडवू नकोस, हत्यार लागलं की तो बाटला. पायऱ्या नकोत, चढताना अंग उघडं पडेल. आणि मुख्य म्हणजे, जिथे जिथे मी माझ्या नावाची आठवण ठेववीन तिथे तिथे मी तुझ्याकडे येईन आणि तुला आशीर्वाद देईन. येणार कोण, तर देव. माणसाने फक्त जागा करायची, आणि तीही चिखलमातीची चालेल.

देवाला भूक लागते म्हणून वेदी, असं कुणी सांगत असेल तर त्याला ५०वं स्तोत्र वाचायला द्या. त्यात देव स्वच्छ म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगायला येणार नाही, सगळं जग माझंच आहे. वेदीवर जायचं ते रक्त आणि चरबी. रक्त का, तर लेवीयच्या १७व्या अध्यायाप्रमाणे जीव रक्तात असतो, आणि जीव ज्याचा त्याला परत द्यायचा. म्हणून पापार्पणाचं रक्त वेदीच्या शिंगांना लावायचे. होमबली अख्खा जळायचा, पण शांत्यर्पणात चरबी वेदीला, ठरलेला वाटा याजकाला, आणि उरलेलं मांस आणणाऱ्याच्या घरचे, पाहुणे मिळून खायचे. आग विझू द्यायची नाही, रोज सकाळी राख काढून नवी लाकडं घालायची. वेदीची शिंगं धरली की आसराही मिळायचा. दावीद राजाचा मुलगा अदोनीया शिंगं धरून तेवढ्यापुरता वाचला. दावीदाचा सेनापती यवाब, त्यानेही धरली, पण त्याच्या हाताला खुनाचं रक्त होतं, त्याला तिथेच मारला. खुन्याला वेदीपासूनही ओढून न्या, हे निर्गममध्ये आधीच सांगितलेलं आहे.

आता भांडण. ठाण्याहून पुतण्या, त्याची बायको आणि मुलं आली होती. त्यांच्यासाठी मलिदा ठरवला होता, पुतण्याच्या बायकोचा नवस होता. त्याच दिवशी सकाळी सगळ्यांना टेल बेर शेवा, म्हणजे जुन्या शहराच्या अवशेषांची टेकडी, दाखवायला घेऊन गेलो. बरोबर आमचे साडू. साडू मुंबईचेच, पण गेली काही वर्षं त्यांनी धर्म फार मनावर घेतलाय. आमचे आजोबा शनिवारी तेलाच्या घाण्याला हात लावत नसत हे त्यांना पुरेसं वाटत नाही.

त्या टेलवर शिंगांची मोठी वेदी मिळाली. पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी १९७३ साली शोधली. गंमत म्हणजे ती वेदी म्हणून उभी सापडलीच नाही. इसवीसनपूर्व ८व्या शतकातल्या एका कोठाराच्या भिंतीत तिचे दगड साध्या चिऱ्यांसारखे बसवलेले होते. वालुकाश्माचे, व्यवस्थित घडवलेले दगड. ते जुळवल्यावर दीडेक मीटर उंचीची वेदी झाली. खरे दगड जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहेत, टेलवर प्रतिकृती आहे. एका दगडावर साप कोरलाय, चांगला वळसे घेतलेला, बोट फिरवलं तर खोलगटपणा कळतो. मुलांनी लगेच फिरवलं.

साडू म्हणाले, "बघा. घडीव दगड, म्हणजे तोराहच्या विरुद्ध. वर साप. अशा वेदीचं दुसरं काय होणार? यहूदाच्या हिज्कीया राजाने फोडली, बरं केलं."

मी म्हटलं, "साडूभाऊ, सापाचं बोलाल तर मोशेने केलेला पितळी साप हिज्कीयाच्या दिवसापर्यंत इस्राएल लोक पूजत होते, त्याला धूप जाळत होते. तोही त्यानेच फोडला. मग मोशेलाही बेर शेवाच्या रांगेत बसवणार का?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. बायकोने डोळ्यांनी सांगितलंही. पण साडूंनी मुलांकडे बघून वर जोडलं, "तुमच्या मलिद्याचंही असंच आहे. गावाकडचा प्रसाद, नाव एलियाहू हन्नाबीचं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा. मोठ्या ताटात त्याचा ढीग, भोवती फळं आणि खजूर. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचं, फळांवर, धान्यावर, सुवासावर आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांनी वाटून खायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे, एलियाहूच्या रथाची खूण त्यावर उमटली अशी आमची श्रद्धा. आजही नवस फेडायला लोक जातात. आमच्या लोकांकडे शेकडो वर्षं ना रब्बी होते, ना छापील प्रार्थनापुस्तकं. होतं ते शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, 'शेमा' ही प्रार्थना आणि हे ताट.

तर टेलवरच, उन्हात, पाण्याच्या भुयारात जायची हेल्मेटं मुलांच्या हातात तशीच, आमचा वाद सुरू झाला. साडूंचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, तो नीट मांडतो. त्यांचं म्हणणं, मंदिर बांधायच्या आधी वेगवेगळ्या वेद्या चालत होत्या. शमुवेलाने रामाला बांधली, शलमोनाने गिबोनला हजार होमबली दिले आणि देव तिथेच त्याच्या स्वप्नात आला, सगळं कबूल. पण जेरुसलेमला मंदिर उभं राहिलं आणि बाकीचं सगळं बंद झालं. तोराहचं पाचवं पुस्तक अनुवाद, त्याचा १२वा अध्याय तेच सांगतो, देव निवडील त्या एकाच ठिकाणी अर्पणं न्या.

मी विचारलं, एलियाहू कधीचा? मंदिराच्या नंतरचा की आधीचा? अहाब राजाच्या काळातला, म्हणजे शलमोनाला मरून पन्नासेक वर्षं उलटून गेलेली. त्याने कर्मेल डोंगरावर काय केलं? परमेश्वराची मोडून पडलेली वेदी होती ती बारा दगड घेऊन नीट केली, आणि आकाशातून अग्नी पडला तो त्या वेदीवर. जेरुसलेमला नाही. साडूंचं उत्तर तयार होतं, तलमूद या रब्बींच्या ग्रंथातलं: ती त्या वेळेपुरती खास परवानगी. ठीक. मग पुढचाच अध्याय काढा. होरेब डोंगरावर एलियाहू देवापाशी रडतो की इस्राएल लोकांनी तुझ्या वेद्या पाडल्या, तुझे संदेष्टे मारले. एका वेदीचं रडगाणं नाही ते, देशभरच्या वेद्यांचं आहे. त्या बेकायदा असत्या तर एलियाहूने पाडणाऱ्यांची पाठ थोपटली असती. साडू म्हणाले, "ऊन फार झालंय."

संध्याकाळी मलिदा झाला. साडू आले, टोपी घालून बसले, गाणं म्हटलं, आणि ताट फिरत आलं तेव्हा फक्त एक केळं उचललं. पोह्यांना हात लावला नाही. पुतण्याची बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला काय सांगणार? तिच्या नवसाचं ताट होतं ते.

म्हणून तुमच्या प्रश्नाने डिवचलं. एक वेदी हे धोरण कुणाचं ते बघा. इसवीसनपूर्व ७०१ मध्ये अश्शूरी सैन्य जेरुसलेमला भिडलं तेव्हा त्यांचा अधिकारी रब-शाके तटाखाली उभा राहून ओरडला: ज्या देवावर तुमचा भरवसा, त्याचीच उच्चस्थानं (गावोगावची पूजास्थानं) आणि वेद्या तुमच्या हिज्कीयाने काढून टाकल्या ना? शत्रूलाही माहीत होतं की लोकांना हे झोंबलंय. पुढे इसवीसनपूर्व ६२२च्या सुमारास योशीया राजाने मंदिरात सापडलेल्या ग्रंथाच्या आधारे गेबापासून बेर शेवापर्यंतची उच्चस्थानं भ्रष्ट केली. बहुतेक अभ्यासक तो ग्रंथ म्हणजे अनुवादचाच गाभा मानतात. गावोगावचे याजक बेकार झाले आणि सगळा ओघ, सगळी अर्पणं, राजाच्या दारात आली. यात निव्वळ भक्ती होती असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं.

अराद तर आणखी बोलकं आहे. यहूदा राज्याचा सरहद्दीवरचा किल्ला, आत परमेश्वराचं मंदिर, अंगणात न घडवलेल्या दगडांची आणि मातीची वेदी. निर्गममध्ये सांगितलंय तशी. गाभाऱ्याच्या तोंडाशी दोन लहान धूपवेद्या होत्या, त्या कुणी फोडल्या नाहीत, आडव्या करून जपून पुरल्या. २०२० साली त्यांच्यावरच्या काळ्या थराची तपासणी प्रसिद्ध झाली. एकीवर ऊद, आणि दुसरीवर चक्क गांजा, शेणात मिसळून जाळलेला. हे साडूंना मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आणि इजिप्तमधलं एलिफंटाईन बेट. तिथे यहुदी शिपायांची वसाहत होती, त्यांचं स्वतःचं मंदिर होतं, वेदी होती. इसवीसनपूर्व ४१० मध्ये ते उद्ध्वस्त केलं गेलं. त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला पत्र लिहिलं, आम्हाला परत बांधू द्या, पूर्वीसारखं अन्नार्पण, धूप आणि होमबली करू द्या. उत्तर आलं त्यात मंदिर आणि वेदी बांधायला होकार आहे, अन्नार्पण आणि धूप आहे. होमबलीचा शब्द नाही. म्हणजे जेरुसलेमपासून दूर राहणाऱ्यांनी जनावर जाळायचं नाही, पण धान्य आणि सुवास चालेल. आमच्या ताटात काय असतं ते वर लिहिलंय.

आता सावधगिरीच्या गोष्टी, नाहीतर कुणीतरी प्रतिक्रियेत येईलच. मलिदा म्हणजे लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातलं अन्नार्पणच, असा माझा दावा नाही. पोहे कोकणातले, नारळ कोकणातला, मलिदा हे नावही आजूबाजूच्यांकडून आलेलं. अन्नार्पणाशी नातं जोडणारे अभ्यासक आहेत, म्हणून मी जोडतो. बेर शेवाची वेदी नेमकी शहरात कुठे उभी होती यावरून अहारोनी आणि यिगाएल यादिन यांच्यातच वाद होता, आणि अरादचं मंदिर कधी बंद झालं यावरही एकमत नाही. हिज्कीयानेच फोडली हे साडूंचं वाक्य आहे, दगडांवर तसं लिहिलेलं नाही. अनुवाद आणि योशीयाचा संबंध श्रद्धाळू माणसाला पटणार नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. १९६०च्या दशकात इथे बेने इस्राएल खरे ज्यू की नाही यावर खल झाला, लग्नं अडली, आमचे लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली सरकारला जाहीर करावं लागलं की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. त्या वेळी परके विचारत होते. आता घरातला माणूस केळं उचलतो आणि पोहे ठेवतो.

तुम्हाला खरंच अभ्यास करायचा असेल तर निर्गम २०, अनुवाद १२ आणि पहिलं राजे १८-१९ याच क्रमाने, सलग वाचा. तिन्हींत जुळत नाही ते जुळवायला जाऊ नका, न जुळणं हाच तुमच्या प्रश्नाचा इतिहास आहे. इकडे कधी आलात तर आधी अराद बघा, मग बेर शेवा. दगडांतला फरक डोळ्यांनी दिसतो. आणि मलिद्याच्या दिवशी आलात तर पोहे घ्या, केळं साडूंसाठी राहू द्या.