सुतार म्हणतो सगळं 'सातशे दहा'च, दुकानदार म्हणतो कमर्शियल चालेल. कुणाचं ऐकू?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: ठाण्यात जुन्या इमारतीत २ बीएचके घर आहे. ओट्याखालची कपाटं, दोन वॉर्डरोब, एक स्टोरेजचा पलंग आणि टीव्ही युनिट करायचंय. सुतारानं यादीत सरसकट मरीन प्लाय, म्हणजेच 'सातशे दहा', लिहून दिलंय, दुकानदार सगळीकडे कमर्शियल, म्हणजे साधा स्वस्त प्लाय, पुरेल म्हणतोय, आणि दोघांच्या हिशेबात तीसेक हजारांचा फरक पडतोय.

दोघंही अर्धंच बोलतायत. मी नाशिकला नऊ वर्षं प्लायवूडच्या दुकानात काउंटरवर होतो. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मला कुणाला काही खपवायचं नाही.

आधी एक गोष्ट. प्लायवर जो ग्रेड छापलेला असतो, एमआर (दमटपणा सोसणारा), बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही काळ सोसणारा) किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), तो मुख्यतः थर चिकटवणाऱ्या ग्लूची परीक्षा असते. आतलं लाकूड किती चांगलं, थर किती सलग, शीट किती सरळ, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. लोक ग्रेड विचारतात, सर्वांत महाग असेल तो घेतात आणि निर्धास्त होतात. मग दोन वर्षांनी बिजागरीचे स्क्रू निसटले की ब्रँडला शिव्या देतात.

एमआर म्हणजे आपलं कमर्शियल. यात साधारणपणे युरिया फॉर्माल्डिहाइडचा ग्लू असतो. त्याची चाचणी ६० अंशांच्या पाण्यात तीन-तीन तास बुडवून आणि वाळवून होते, उकळून नाही. म्हणजे दमट हवा तो सोसेल, साचलेलं पाणी नाही. बीडब्ल्यूआरचा तुकडा आठ-आठ तास उकळतात. आणि ७१०, म्हणजे मरीन किंवा बीडब्ल्यूपी (७१० हा त्याच्या भारतीय मानकाचा आकडा), त्याला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. तिथे ग्लू फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा असतो, शिवाय लाकडाला कीड-बुरशीविरोधी प्रक्रियाही करावी लागते.

इथे एक फसगत होते. ३०३ हा आकडा म्हणजे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं भारतीय मानक, आणि एमआरही त्यातच येतो. पण काउंटरवरचा पोरगा शिक्क्यावर बोट ठेवून सांगतो, "साहेब, हे बघा, आयएसआय ३०३ आहे, वॉटरप्रूफच." तो खोटं बोलतोय असंही नाही, बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. ३०३च्या शेजारी ग्रेडची अक्षरं वाचा. आणि आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकून बघा. कारखान्याचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते तिथेच दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, आणि नंबर टाकताना दुकानदाराचा चेहरा बघितला तरी बरंच कळतं.

ग्लूच्या रंगावर मात्र विसंबू नका. फिनॉलची रेघ कडेला गडद तपकिरी दिसते हे खरं, पण युरियात रंग कालवून तशीच रेघ काढता येते. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. "वॉटरप्रूफ" म्हणून घेतलेल्या शीटमधून उरलेला हातभर तुकडा त्यांनी जुन्या पातेल्यात घालून दिवसभर उकळला होता. पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला तेव्हा तो पुस्तकासारखा उघडला होता. पानं मोजता येत होती. कडेची रेघ मात्र झकास, मधासारखी तपकिरी. मालकांनी एक शब्द न बोलता सगळा माल बदलून दिला, आणि त्या दिवसापासून त्या कारखान्याचा ट्रक आमच्याकडे आला नाही. तेव्हा तुम्हीही मोठी ऑर्डर देण्याआधी चार-पाच इंचांचा तुकडा मागून घ्या आणि सुट्टीच्या दिवशी आठ तास उकळा. गॅस जळेल तेवढा जळू दे. खिडकी उघडी ठेवा आणि ते पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

आता लाकूड. उत्तरेकडचा बराचसा माल हरियाणातल्या यमुनानगरहून येतो, तिथे शेताच्या बांधावर वाढवलेला पॉप्लर आणि सफेदा, म्हणजे निलगिरी, वापरतात. दक्षिणेकडचा केरळमधल्या पेरुंबवूरचा. पॉप्लर मऊ आणि हलका, निलगिरी घट्ट आणि जड. नुसत्या पॉप्लरची शीट कपाटाला घेतली तर स्क्रू धरत नाही. दोन्ही आलटून पालटून घातलेल्या शीटला बाजारात 'अल्टरनेट' म्हणतात, आणि घरच्या कामाला ती बहुतेक ठिकाणी पुरते. सगळे थर घट्ट लाकडाचे असतील तर 'हार्डवुड'. 'गर्जन' या लालसर, घट्ट लाकडाचं नाव दुकानदार फार मिरवतात, पण पुष्कळदा फक्त वरचा लालसर पापुद्रा गर्जनचा असतो आणि आत दुसरंच काही. म्यानमारनं २०१४ मध्ये कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यापासून तिथला गर्जन पूर्वीसारखा येत नाही. तेव्हा स्वस्तात 'फुल गर्जन' कुणी देत असेल तर हसून पुढे जा.

आतलं लाकूड ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. ८ बाय ४ ची १८ मिलिमीटरची शीट पॉप्लरची असेल तर साधारण २६-२८ किलो भरते, चांगल्या हार्डवुडची ३५च्या पुढे. ओला माल खोटं वजन दाखवतो, म्हणून हात लावून बघा. गार आणि दमट लागला तर नको. चारही कडा नीट बघा. थरांमध्ये फट दिसली तर आत पोकळी आहे, आणि नेमका बिजागरीचा स्क्रू त्याच पोकळीत जातो. (का ते विचारू नका, पण जातोच.) शीटभर बोटाच्या पेरानं टकटक करत जा, आवाज एकदम बदलला की तिथे पोकळ. जाडीही मोजून घ्या. १८ म्हणून १६ सर्रास देतात, आणि डोळ्याला दोन मिलिमीटर कळत नाहीत.

आता तुमच्या घराकडे येऊ. मी ग्रेड खोलीप्रमाणे ठरवत नाही, पाणी कुठून येईल ते बघून ठरवतो.

सिंकखालचं कपाट ही घरातली सर्वांत वाईट जागा. पाइपचा वॉशर कधीतरी गळतोच, आणि ते आपल्याला वास आल्यावर कळतं. तिथे ७१०च घ्या, त्यात काटकसर नको. पण ७१० घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. मरीनचे थर सुटणार नाहीत, पण सनमायका ज्या पांढऱ्या फेविकॉलनं चिकटवतात तो साधा असेल तर पाण्यानं आधी तोच सुटतो. सनमायका फुगते, फटीत पाणी शिरतं, तिथे बुरशी धरते, आणि लोक म्हणतात मरीन प्लाय खराब निघालं. सुताराला वॉटरप्रूफ प्रकारचाच फेविकॉल आणायला सांगा आणि डबा स्वतः बघा. कापलेली प्रत्येक कड, पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडसुद्धा, बंद झाली पाहिजे. भोकाची कड सगळे विसरतात.

खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या घरात सिंकखाली प्लायच नाही. जुन्या पद्धतीनं कडप्प्याच्या उभ्या फळ्या आहेत, पुढे फक्त दारं लावलीयत. आजीच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं तेच होतं आणि कधी काही झालं नाही. तुमच्याकडे आधीचा कडप्पा असेल तर मॉड्युलरवाल्याच्या नादानं तो फोडू नका.

ओट्याखालचा बाकी भाग, म्हणजे ट्रॉल्यांचे सांगाडे, बीडब्ल्यूआरमध्ये करा. गॅसच्या वरची कपाटंही त्यातच, कारण तिथे कुकरची वाफ रोज लागते. सांगाडे थेट फरशीवर बसवू नका. चार इंची पीव्हीसीचे पाय येतात, ते लावून घ्या. आपल्याकडे फरशी पुसायची म्हणजे बादलीभर पाणी, आणि ते प्लायच्या खालच्या कडेतून वर चढतं.

बेडरूमचे वॉर्डरोब, टीव्ही युनिट, पलंग, इथे चांगल्या लाकडाचा एमआर पुरतो. पण हे ठरवण्याआधी कपाटामागच्या भिंतीला हात लावून या. ती भिंत बाथरूमची आहे का? किंवा पश्चिमेची बाहेरची, जिच्यावर जूनपासून पाऊस आपटतो? जुन्या इमारतीत अशा भिंतीत ओल असतेच. तसं असेल तर त्या कपाटाचा सांगाडा आणि पाठ बीडब्ल्यूआरमध्ये करा, भिंतीपासून अर्धा-एक इंच अंतर सोडा आणि पाठीच्या मागच्या बाजूला प्राइमर मारून घ्या. मागची बाजू दिसत नाही म्हणून सुतार ती कोरी ठेवतात, आणि ओल तिथूनच आत शिरते. भिंतीची गळती मात्र आधी दुरुस्त करा. गळकी भिंत कुठल्याच ग्रेडनं झाकली जात नाही.

वाळवीचं वेगळं. ग्लू चांगला म्हणून वाळवी येत नाही, असं काही नसतं. जुन्या घरात काम सुरू करण्याआधी भिंतींच्या कडेनं औषध मारून घ्या.

वॉर्डरोबची दारं हा या सगळ्याहून मोठा घोळ, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. सात-साडेसात फुटांचं अख्खं दार १८च्या प्लायचं केलं तर पहिल्या पावसाळ्यात त्याला बाक येतो, ते मरीनचं असलं तरी. उंच दारांना पाइनचा ब्लॉकबोर्ड, म्हणजे आत लाकडी पट्ट्या जोडलेला बोर्ड, घ्या. त्याच्या आतल्या पट्ट्या उभ्या धावतात म्हणून तो सरळ राहतो. त्या पट्ट्या दाराच्या उंचीच्या दिशेनंच आल्या पाहिजेत. शीट वाचवायला सुतारानं आडवा कापला की सगळं मुसळ केरात. दोन्ही बाजूंना सनमायकाही लावा. बाहेर १ मिलिमीटर आणि आत नुसता रंग, असं केलं की दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही आणि दार वळतं. आतून पातळ, ०.८ची लावली तरी चालेल.

फळ्यांचंही तसंच. कपड्यांच्या ओझ्याखाली १८ मिलिमीटरची फळी तीन फुटांपर्यंत ठीक राहते, त्यापुढे मधे उभा आधार द्या किंवा पुढच्या कडेला लाकडी पट्टी मारा. फळी शीटच्या आठ फुटी दिशेत कापायला सांगा, वरचे रेषे त्याच दिशेनं असतात आणि फळी कमी वाकते. ड्रॉवरच्या बाजू १२च्या, पाठी ६ किंवा ९च्या. तिथे १८ घालणं म्हणजे पैसा आणि वजन दोन्ही वाया.

एमआरचा एक तोटा दुकानात सांगत नाहीत. युरियाच्या ग्लूमधून फॉर्माल्डिहाइड जास्त सुटतो. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते यामुळेच. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर बेडरूमसाठी ई-१ किंवा ई-० लिहिलेला, म्हणजे फॉर्माल्डिहाइड कमी सुटणारा माल मागा, आणि काम झाल्यावर काही आठवडे दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

राहिला सुतार. तो मरीन का लिहून देतो? एक कारण प्रामाणिक आहे: पुढे काही झालं तर बोल त्याला लागतो, म्हणून तो सुरक्षित बाजूला राहतो. दुसरं कारण मी स्वतः पाकिटात घालून दिलंय. आमच्या दुकानात सुताराला शीटमागे कमिशन असायचं, महाग शीटला जास्त. तो धंद्याचा रिवाज आहे आणि त्याची मजुरी बघता मला त्याचा राग येत नाही. पण माल निवडायला तुम्ही स्वतः जा. बिलावर ब्रँड, ग्रेड, जाडी आणि मानकाचा आकडा लिहून घ्या. नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय १८ एमएम" असं बिल घेऊ नका, पुढे त्याचा काही उपयोग होत नाही.

पैशाचं गणित सोपं आहे. एक शीट ३२ चौरस फुटांची. मरीन आणि कमर्शियलमध्ये चौरस फुटाला ३० रुपयांचा फरक धरला तर शीटमागे ९६० रुपये. तुमच्या कामाला तीसेक शीट लागतील असं धरलं, तर त्यातल्या दोन ७१०, आठ-दहा बीडब्ल्यूआर आणि उरलेल्या एमआर व ब्लॉकबोर्ड, असं काहीसं बसेल. वाचलेले पैसे बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनलवर घाला. रोज हात तिथेच लागतो.

माल घरी येईल त्या दिवशी रजा टाका. दुकानात दाखवलेली शीट आणि टेम्पोतून उतरलेली शीट एकच असेल असं नाही. प्रत्येकीचा शिक्का बघा आणि कापायच्या आधी फोटो काढून ठेवा, एकदा करवत फिरली की दुकानदार परत घेत नाही. शीट भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू देऊ नका, खाली तीन-चार पट्ट्या टाकून आडव्या रचा.

वॉर्डरोबमागच्या भिंती कोणत्या आहेत आणि ओट्याखाली आधीचा कडप्पा आहे का, तेवढं खाली लिहा. मग कुठे किती शीट लागतील ते नेमकं सांगता येईल.