‘क्विटक्लेम डीड’ म्हणजे हक्कसोडपत्र का?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, लग्नापूर्वी एकट्याच्या नावावर घेतलेल्या घराला पत्नीचे नाव लावण्यासाठी तिथे जे ‘क्विटक्लेम डीड’ करतात, त्याला मराठीत हक्कसोडपत्र म्हणावे का.

व्युत्पत्तीने सर्वांत जवळचा शब्द खरे तर ‘फारखत’ आहे. क्विटक्लेममधला ‘क्विट’ जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा अर्थ ‘देण्यातून मोकळा’ असा आहे. ‘फारखती’तही फारिग, म्हणजे मोकळा, आणि खत हे दोन शब्द आहेत. पण फारखतीची मराठीत फारकत झाली आणि ती नवराबायकोच्या काडीमोडालाच चिकटली, त्यामुळे पत्नीला घरात वाटा देणाऱ्या कागदाला हे नाव देणे म्हणजे आफतच!

‘हक्कसोडपत्र’ अर्धेच बसते. आपल्याकडे ते सहहिस्सेदारांमध्ये होते: बहिणीने भावाच्या लाभात हक्क सोडला की त्याचा आधीपासूनचा हिस्सा वाढतो. घर एकट्या पतीचे असेल, तर महाराष्ट्रात पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करावे लागते, ज्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोंदणी अनिवार्य असते. क्विटक्लेमला मात्र घेणाऱ्याचा आधीचा हिस्सा लागत नाही. शिवाय आपल्या खरेदीखतात हमखास आढळणारे ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे’ हे वाक्य त्यात नसते. माझा जो काही हक्क असेल, आणि असलाच तर, तो दिला, एवढेच त्यात म्हटलेले असते. (घरावरचे कर्जही त्याने फिटत नाही, कर्जाच्या कागदावर ज्याची सही, देणेकरी तोच राहतो.)

म्हणून मी ‘विनाहमी हस्तांतरणपत्र’ असे म्हणेन. शब्द थोडा सरकारी वाटतो, हे मान्य आहे. नमुन्यातील ‘ग्रँटर’ आणि ‘ग्रँटी’ यांसाठी मात्र नवे शब्द घडवण्याची गरज नाही, कारण आपल्या दस्तांतले ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ तिथे चपखल बसतात. फक्त घर दोघांच्या नावावर ठेवायचे असेल, तर लिहून देणार म्हणून पतीचे एकट्याचे आणि लिहून घेणार म्हणून पती व पत्नी अशी दोन्ही नावे घालण्याचा तिकडे प्रघात आहे. स्वतःच स्वतःला लिहून देण्याचा हा प्रकार पाहिला, की ‘हक्कसोड’ हा शब्द इथे का अडखळतो ते कळते.