चालणे पुरेसे आहे का? हृदय आणि वजनांच्या व्यायामाविषयी दोन प्रश्न

प्रश्न : माझे वय 66 असून रक्तदाबाची गोळी अनेक वर्षे चालू आहे. रोज सकाळी रंकाळ्याच्या काठाने चालते. सून म्हणते, आता डंबेल्सही उचला. शेजारच्या काकू बजावतात की या वयात वजन उचलले की रक्तदाब चढून झटका येतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : सूनबाईंचे ऐकावे; मात्र काकूंच्या भीतीत जो खरा भाग आहे तो लक्षात ठेवावा. 1985 साली कॅनडातील संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब थेट धमनीत मोजला, तेव्हा दोन्ही पायांनी अतिशय जड वजन रेटताना तो सरासरी 320/250 पर्यंत गेला. परंतु ते वजन त्यांच्या ताकदीच्या टोकाचे होते आणि दम कोंडून रेटलेले होते. दाब उसळण्यात या कोंडलेल्या दमाचा वाटा मोठा असतो. श्वास सोडत एक-दोन किलो उचलताना दाब थोडाच वाढतो व थांबताच उतरतो, आणि काही महिने नियमित व्यायाम केल्यास विश्रांतीच्या वेळचा रक्तदाबही काही अंकांनी खाली येऊ शकतो.

चालणे सोडू नये, पण केवळ चालण्याने दंड, खांदे आणि पाठ यांना काम मिळत नाही. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, एलडीएल म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल वाढू लागते, रक्तवाहिन्या ताठरतात आणि चरबी पोटाभोवती साठते. त्याच काळात स्नायूही झिजत असतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, त्यामुळे ते घटले की मधुमेहाचा आणि पर्यायाने हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

कोल्हापुरात तालमींना तोटा नाही, पण तिथल्या जोर-बैठका पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्याच वाट्याला आल्या, हे मला नेहमी खटकते. आपल्याला आखाड्याची गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकून जोर काढणे आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणे, एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक प्रकार 10 ते 15 वेळा करावा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटाव्यात, पण श्वास अडकू नये. मोठ्याने आकडे मोजत केल्यास दम आपोआप कोंडला जात नाही. रक्तदाब 180/110 च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम करू नये आणि डॉक्टरांना कळवावे. हृदयाची झडप अरुंद असल्यास किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. तेव्हा भरलेली कळशी उचलू नका असे सांगितले होते. हे बंधन जन्मभराचे आहे का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सहसा नाही. ते बंधन प्रामुख्याने हृदयासाठी नसून शस्त्रक्रियेत कापलेले छातीचे हाड सांधण्यासाठी असते, आणि त्याला साधारण दोन ते तीन महिने लागतात. पुढेही अनेक स्त्रिया घाबरून हात वरच नेत नाहीत आणि खांदा आखडून घेतात. हृदयतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घेऊन हलक्या वजनाने सुरुवात करावी. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असल्यास नाडी मुद्दाम मंद ठेवलेली असते, तेव्हा ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज बांधू नये; व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, हे पाहावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, नेहमीपेक्षा अधिक धाप, मळमळ किंवा घाम यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे, आणि पित्त झाले असेल म्हणून घरीच सोडा घेत न बसता रुग्णालय गाठावे.