जुन्या यॉटच्या तळाचा रंग पूर्ण खरवडून काढावा का? त्यावरच नवा मारला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की फायबरची जुनी यॉट घेतली आहे, ती अलिबागजवळच्या मांडवा बंदराच्या बाजूला टेकू लावून उभी आहे, तळावर लाल-काळ्या रंगाचे थरावर थर आहेत, आणि बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतला एक ओळखीचा कंत्राटदार तिथे जाऊन ग्राइंडरने दोन दिवसांत सगळं साफ करून देतो म्हणतोय. त्याला आधी थांबवा.

मी बडोद्यातच आहे आणि एफआरपीच्या (म्हणजे फायबरच्याच) ॲसिड टाक्या, त्यांचं लायनिंग, दुरुस्ती ही माझी रोजीरोटी. (विश्वामित्रीत मगरींमध्ये यॉट कोण घालणार, म्हणून बोटीचं काम नेहमी बाहेरगावीच.) टाकी काय, यॉट काय, माल तोच: काचेचे धागे आणि रेझिन. फरक इतकाच की यॉटला बाहेरून जेलकोटची कातडी असते, साधारण अर्धा मिलिमीटर. ग्राइंडरची चकती क्षणभर रेंगाळली की ती पार होते. मग पाणी आतल्या थरांत मुरतं आणि तळावर फोड येतात. असा फोड फोडला की आतून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तसे फोड तुमच्या यॉटवर आधीच असतील तर रंगाचा विषय बाजूला ठेवा. ते काम वेगळं, आणि तळ कोरडा व्हायलाच महिने जातात.

आता मूळ प्रश्न. सगळं काढायलाच हवं असं मुळीच नाही. जुना रंग घट्ट बसलेला असेल आणि नव्याशी जुळणारा असेल, तर स्वच्छ धुवून, घासून त्यावरच रंगवा. कोपऱ्यात एक जागा निवडा, ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडा, चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. तुकडे पट्टीबरोबर आले तर त्या थराचा भरवसा नाही. अशा चाचण्या कीलजवळ (तळाच्या मधल्या कण्याजवळ), पाण्याच्या रेषेपाशी आणि मागे सुकाणूपाशीही करा, कारण एकाच बोटीवर तीन ठिकाणी तीन निकाल लागतात. थर इतके साचलेत की पृष्ठभाग खवल्या-खवल्यांचा झालाय, तर मात्र चाचणीही नको, काढाच.

जुळणीचं काय? पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून रंगावर दाबून धरा आणि चोळा. रंग मऊ पडून फडक्याला लागला तर तो एकघटकी, म्हणजे डब्यातून थेट लावायचा, आहे. त्यावर दोनघटकी (दोन डबे मिसळून लावायचं) इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन मारलंत तर खालचा थर आकसून सुरकुत्या पडतात. तळाच्या अँटिफाउलिंगमध्ये, म्हणजे शेवाळ-शिंपले बसू न देणाऱ्या रंगात, आणखी एक भानगड असते. काही रंग पाण्यात हळूहळू झिजणारे, काही कडक राहणारे. कडकावर झिजणारा चालतो, झिजणाऱ्यावर कडक टिकत नाही. आणि टेफ्लॉनवाला जुना रंग असेल तर त्यावर सहसा दुसरं काही धरत नाही.

काढायचं ठरलं, तर हा रंग दिवाळीच्या भिंतीचा नाही हे लक्षात ठेवा. शेवाळ आणि शिंपले बसू नयेत म्हणून त्यात तांब्याचं विष असतं. बोट फार जुनी असेल तर खालच्या थरांत ट्रायब्युटिल टिन नावाचं विषही निघू शकतं. त्यावर जगभर बंदी घालणारा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. म्हणून कोरडं घासणं बंद. पाणी मारत घासा, 80 नंबरचा वॉटर पेपर पुरे, आणि तोंडावर रुमाल किंवा कागदी मास्क नाही, धुळीचे फिल्टर असलेला रबरी मास्क हवा. खाली ताडपत्री अंथरा, खरवड गोळा करून घातक कचऱ्यात द्या, समुद्रात लोटू नका.

जाड थर रुंद पत्तीने खरवडणं मला सर्वांत आवडतं. पत्तीचे दोन्ही कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर जेलकोटवर चरे पडतात. काम कंटाळवाणं आहे, खांदे भरून येतात. म्हणूनच मजुरी चौरस फुटावर ठरवू नका, रोजावर ठरवा. फुटावर पैसे मिळणारा माणूस तुमची पाठ वळली की ग्राइंडर काढतोच.

दुकानातलं साधं पेंट रिमूव्हर वापरू नका. त्यात मिथिलीन क्लोराईड असेल तर ते रंगाबरोबर जेलकोटही मऊ करतं. ते 40 अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये हवेतच जातं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीखाली वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी साचते. फायबरसाठीचं म्हणून मिळणारं रिमूव्हर घ्या आणि तेही आधी वीतभर जागेवर लावून पाहा. हीट गन फायबरवर नकोच. हवेच्या दाबाने केलेला खाण्याच्या सोड्याचा मारा जेलकोटला बऱ्यापैकी सौम्य असतो, पण नंतर सोडा पाण्याने पूर्ण धुतला नाही तर नवा रंग धरत नाही. वाळूचा मारा लोखंडी टाकीला ठीक, इथे नाही.

जेलकोट उघडा पडला तर घासण्याआधी त्यावरचं मेण सॉल्व्हंटने पुसा, फडकी सतत बदलत. उलट क्रमाने केलंत तर मेण चऱ्यांत दाबलं जातं. मग पाणी शिंपडून बघा. पाण्याचे थेंब जमले तर अजून मेण आहे, सलग पापुद्रा पसरला तर ठीक.

अँटिफाउलिंगखाली इपॉक्सीचे हात देणार असाल तर ते पावसाळ्यात लावू नका. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान 3 अंश वर हवं. पहाटे किनाऱ्यावर हे सहसा जमत नाही, ऊन चढू द्या. इपॉक्सीच्या शेवटच्या हातावर पहिलं अँटिफाउलिंग चिकट असतानाच मारायचं असतं: अंगठा दाबला तर ठसा उमटावा, पण रंग बोटाला लागू नये. ती वेळ टळली तर वाळलेली इपॉक्सी आधी धुवून पुन्हा घासावी लागते.